लडाखमध्ये स्वतः बांधलेलं घर: उणे वीसमध्ये ऊन साठवायचं कसं

आमच्या घरात बुखारी, म्हणजे धुराडं असलेली मोठी शेगडी, आहे. पण जानेवारीत ती पेटते ती संध्याकाळी दीड-दोन तास, तीही बहुतेक चहाच्या निमित्ताने. बाहेर पारा उणे सतरावर असताना पहाटे आतल्या खोलीत अकरा-बारा अंश असतात. पहिल्या हिवाळ्यात त्याच खोलीत, त्याच वेळी चार अंश होते आणि बादलीवर बर्फाचा पापुद्रा येईल की काय अशी भीती असायची. या दोन हिवाळ्यांच्या मध्ये आम्ही मोठी बुखारी आणली नाही, फक्त गळती बुजवली. लेख त्याबद्दलच आहे.

मी मूळची बार्शीकडची. माहेरचं घर माळवदाचं, हातभर जाड भिंतींचं, वैशाखातही गार. लग्न होऊन लेहपासून सिंधूच्या खालच्या अंगाला असलेल्या गावात आले. इथे वडिलांना ‘आबा-ले’ म्हणतात. ‘ले’ हा आदराचा प्रत्यय, ‘आबा’ मात्र अगदी आपलेच. सासऱ्यांनी जुन्या घराचं छत उघडून दाखवलं तेव्हा मला हसू आलं. पॉपलरच्या तुळया, त्यांना ‘दुंगमा’ म्हणतात. त्यावर वाळुंजासारख्या विलोच्या काटक्या, ‘तालू’. त्यावर गवत, त्यावर माती. म्हणजे तुळया, किलचा, पाला आणि पांढरी माती. नावं वेगळी, बाकी माळवदच.

फरक हवेचा. लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर. जानेवारीतल्या रात्री सरासरी उणे चौदा-पंधरा, वाईट रात्री उणे वीस-पंचवीस. पाऊस वर्षाला जेमतेम १०० मिलीमीटर. आणि आकाश, विशेषतः हिवाळ्यात, बहुतेक दिवस स्वच्छ निळं. थंडी कडक आणि ऊनही कडक, अशी जोडी फार थोड्या ठिकाणी मिळते. तिचाच फायदा घ्यायचा.

आधी वहीत घर बांधा

गवंड्याला हाक मारण्याआधी एका खोलीचा हिशोब मांडा. आकडे ढोबळ चालतील. आमची बैठकीची खोली पाच बाय चार मीटर. आत-बाहेरचा फरक सरासरी २५ अंश धरला.

स्वच्छ दिवशी दक्षिणेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरमागे दिवसाला साधारण ५ युनिट (विजेच्या बिलातलंच युनिट, किलोवॅट-तास) ऊन पडतं. दुहेरी काचेतून त्यातलं सत्तर टक्के आत येतं, म्हणजे साडेतीन युनिट. त्याच काचेतून चोवीस तासांत बाहेर जातं सुमारे १.७ युनिट. निव्वळ कमाई दोनच्या आसपास. एकेरी काच लावली तर आत येतं चार, बाहेर जातं साडेतीनच्या जवळपास. दिवसभर राबून रात्री खिसा रिकामा. उत्तरेच्या खिडकीत तर जमा जवळजवळ शून्य आणि खर्च पूर्ण.

आता छत. वीस चौरस मीटर, नुसत्या काटक्या आणि मातीचं. दिवसाला १६ ते १७ युनिट उष्णता त्यातून निघून जाते. दक्षिणेला सहा चौरस मीटर दुहेरी काच लावून मिळतात एकवीस युनिट. म्हणजे उन्हाने दिलेलं बहुतेक सगळं एकट्या छताने खाल्लं. त्याच छतात १५ सेंटिमीटर कोरडं काड दाबून भरलं की गळती चार युनिटांवर येते. हा हिशोब मी पहिला हिवाळा काढल्यावर केला. आधी केला असता तर तो हिवाळा वाचला असता, आणि नवऱ्याचे टोमणेही.

जागा आणि दिशा

इथला सगळ्यात स्वस्त हीटर म्हणजे जागा. २१ डिसेंबरच्या आसपास एक दिवस प्लॉटवर थर्मास घेऊन बसा. सकाळी नऊ ते दुपारी तीन या सहा तासांत ऊन कधी येतं, कधी जातं, ते लिहा. दरीत डोंगर असा आडवा येतो की समोरच्या शेताला अकराला ऊन मिळतं आणि तुमच्या शेताला साडेनऊला. तो दीड तास पुढची पन्नास वर्षं तुमचा किंवा शेजाऱ्याचा.

डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साडेबत्तीस अंशच वर येतो, आणि सकाळी नऊच्या सुमारास जेमतेम अठरा. म्हणून दक्षिणेकडचं झाड, भिंत किंवा शेजारचं घर त्याच्या उंचीच्या अडीचपट तरी लांब हवं. पानगळीच्या झाडालाही काटक्या असतात आणि त्यांचीही सावली पडते, हे विसरू नका.

दिशा मोबाईलवर बघू नका. आमच्या गवंड्याच्या फोनमधलं होकायंत्र लोखंडी सळयांच्या ढिगाजवळ दर पाच पावलांवर मत बदलत होतं. सपाट जमिनीवर सरळ काठी रोवा, ओळंब्याने तपासा, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे खूण, दुपारी पुन्हा शिवेल तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. जुन्या ज्योतिषांची शंकूची रीत आहे ही आणि ती चुकत नाही. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य दक्षिणेला आला असं मात्र इथे धरू नका. लेह भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून पाच अंश पश्चिमेला आहे, म्हणून खरी दुपार सरासरीने वीस मिनिटं उशिरा होते आणि महिन्यागणिक पुढे-मागे सरकते.

घराची लांब बाजू या पूर्व-पश्चिम रेषेवर ठेवा. दहा-पंधरा अंश इकडेतिकडे झालं तर फारसं बिघडत नाही. वळवायचंच असेल तर किंचित पूर्वेकडे वळवा, कारण रात्रभर निवलेल्या घराला सकाळचं ऊन जास्त लवकर हवं असतं.

खोल्या कुठे

राहायच्या खोल्या दक्षिणेला. कोठार, जिना, लाकडं, कोरडा संडास हे सगळं उत्तरेला. या खोल्यांना ऊब नको असते. त्या राहत्या खोल्या आणि थंडी यांच्यामध्ये गोधडीसारख्या बसतात. जुन्या लडाखी घरात गुरं खालच्या मजल्यावर आणि माणसं हिवाळ्यात स्वयंपाकघरात, एकाच खोलीत. आम्ही गुरं वगळली, पण हिवाळ्यात एक-दोन खोल्यांतच संसार करायची पद्धत ठेवली. सहा खोल्या तापवायचा हट्ट शहरातून आलेल्या माणसाचा असतो. माझाही होता.

मुख्य दाराला दोन दारं करा, मध्ये चार-पाच फुटांचा बोळ. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. खोलीतली हवा तासाला एकदा बदलली तर एवढ्या खोलीतून दिवसाला सहाएक युनिट जातात, तेही इथली हवा विरळ असताना.

विटा मे महिन्यात

बांधकामाचा मोसम मे ते सप्टेंबर. ऑक्टोबरात रात्री गोठायला लागतं. ओल्या मातीत पाणी गोठलं की ते फुगतं आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. म्हणून वेळापत्रक उलटं लावा: सप्टेंबरअखेर काचा बसायला हव्यात, म्हणजे ऑगस्टमध्ये छत, जुलैत भिंती, जूनमध्ये पाया आणि मे महिन्यात विटा थापायला सुरुवात.

वीट उन्हात वाळवलेली, साधारण १२ × ६ × ६ इंच, अकरा-बारा किलोची. एक फूट जाड भिंतीला चौरस मीटरमागे चाळीसेक विटा लागतात. माती अर्धा दिवस भिजवून पायाने तुडवायची. परीक्षा सोपी: बोटभर जाड वळी करून हातातून लोंबकळत सोडायची. दोन-चार इंचांत तुटली तर चिकणमाती कमी, वीतभर झाली तरी तुटली नाही तर जास्त, वाळू मिसळा. साच्यातून काढल्यावर तीन-चार दिवसांनी विटा आडव्याच्या उभ्या करा आणि पुढे दोन-तीन आठवडे वाळू द्या. एखादी फोडून बघा, मधे गडद ओला डाग दिसला तर थांबा.

पाया आणि जोतं दगडाचंच. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीत लेहमध्ये मातीची कितीतरी घरं वाहून गेली, ढासळली. जोतं जमिनीपासून दीड-दोन फूट वर ठेवा आणि नाल्याच्या तोंडाशी घर बांधूच नका, तिथे ऊन कितीही छान असो. भूकंपाचा प्रदेश आहे, त्यामुळे जोत्याला, लिंटेलला (दार-खिडक्यांच्या माथ्यावर) आणि छताखाली असे लाकडाचे किंवा काँक्रीटचे सलग पट्टे घरभर फिरवा. यात काटकसर नको. आणि हे पट्टे कसे जोडायचे ते इंजिनियरकडून एकदा काढून घ्या. स्वतः बांधलेलं घर म्हणजे कुणाला न विचारता बांधलेलं घर नव्हे.

भिंत: जाडी आणि ऊब या दोन वेगळ्या गोष्टी

इथे बहुतेक जण फसतात. मीही माहेरच्या भिंती आठवून म्हटलं होतं, दीड फूट माती आहे, थंडी काय आत येणार! माती उष्णता साठवते, अडवत नाही. दीड फूट मातीच्या भिंतीतून जेवढी ऊब जाते त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर ती आणायला मध्ये फक्त दहा सेंटिमीटर काड किंवा लाकडाचा भुसा पुरतो.

म्हणून उत्तर, पूर्व आणि पश्चिमेच्या भिंती दुहेरी बांधा. आतली एक फूट जाड, छताचं वजन घेणारी. मग चार इंचांची पोकळी. बाहेरची अर्ध्या फुटाची. पोकळीत कोरडं काड, भुसा किंवा रंधकाम करताना पडतो तो चुरा. जाड भिंत आत ठेवायचं कारण असं की तिला खोलीशी बोलता यावं: दिवसा ऊब घ्यावी, रात्री परत द्यावी. एक घनमीटर माती एका अंशाने तापवायला साधारण ०.४ युनिट लागतात. खोलीभोवती अशी दहा घनमीटर माती असेल तर रात्रीत बारा युनिट गेले तरी पारा तीनच अंश उतरतो. हीच भिंत पत्र्याची किंवा नुसत्या प्लायवूडची असती तर ऊन गेल्यावर तासाभरात दात वाजले असते.

दोन भिंती दर दोन-अडीच फुटांवर लाकडी पट्टीने एकमेकींना बांधा. पोकळी भरताना एकदम वरून ओतू नका. भिंत दीड फूट चढली की भरा, काठीने हलकं ठोका, मग पुढचे थर. आम्ही शेवटी एकदाच ओतलं. फेब्रुवारीत पश्चिमेच्या भिंतीवर, छताच्या खाली हातभर, आतून दहिवराची पट्टी उमटली. बाहेरून दोन विटा काढून हात घातला तर पोकळी कोपरापर्यंत रिकामी. भुसा खाली बसला होता.

दुसरी गोष्ट उंदीर. कोरडं काड म्हणजे त्यांना हॉटेलच. काड पातळ चिखलात बुडवून, वाळवून भरलं तर तो त्रास बराच कमी होतो आणि आगीची भीतीही. ऊब अडवण्याची ताकद थोडी घटते, पण तेवढं सोसा. भरताना माल खडखडीत कोरडा हवा. ओलं काड दोन वर्षांत कुजतं.

थर्मोकोल वापरावा का? छतात, फरशीखाली, जोत्याच्या कडेला जरूर वापरा, पातळ जागेत तो चांगला. पण तो खालून ट्रकने येतो आणि काड शेतात पडलेलं असतं.

छत

दुंगमा, तालू, त्यावर गवत. मग पातळ मातीचा लेप, वाळल्यावर १५ सेंटिमीटर काड, पुन्हा मातीचा थर आणि सगळ्यात वर मरकालाक. ही इथली बारीक, चिकट, पाणी न सोडणारी माती, आपल्या पांढऱ्या मातीची बहीण. उतार दहा फुटांना तीन-चार इंच द्या आणि पन्हाळी भिंतीपासून लांब काढा. पूर्वी इथली छतं जवळजवळ सपाट चालायची. आता पाऊस कमी-जास्त आणि अवेळी पडतो, म्हणून मरकालाकखाली ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक घालणारे बरेच आहेत. घालायचं तर काडाच्या वर घाला. काडाच्या खाली नको, नाहीतर वरून झिरपलेलं पाणी काडात अडकून राहतं.

शरदात चारा आणि लाकूड छतावर रचून ठेवायची पद्धत पाहुण्यांना शोभेची वाटते. ती खरं तर फुकटची रजई आहे. फक्त हिवाळा जसा वाढतो तशी ती गुरांच्या पोटात जाते.

ऊन आत घ्यायच्या तीन रीती

पहिली, थेट खिडकी. दिवसा वापरायच्या खोलीला हीच योग्य. काच खोलीच्या क्षेत्रफळाच्या पाव ते तिसरा हिस्सा. याहून जास्त केली तर दुपारी तापेल आणि रात्री गळेल. खिडकीवरचा छज्जा दीड फूट पुढे आणि चौकटीच्या वर दहा-बारा इंच ठेवा. जूनमध्ये भर दुपारी सूर्य एकोणऐंशी अंशांवर असतो, तेव्हा खिडकी पूर्ण सावलीत जाते. डिसेंबरात छज्जाची सावली जेमतेम अकरा इंच उतरते, म्हणजे काचेच्या वरच विरते.

दुहेरी काचेबद्दल एक महाग धडा. आम्ही खालून, मैदानातून, कारखान्यात सीलबंद केलेल्या दुहेरी काचा मागवल्या. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही किंचित कमी आहे. खाली बंद केलेली हवा वर आली की फुगते. काचा कढईसारख्या फुगून आल्या. उन्हात तापल्यावर दोन तडकल्या, एकीचं सील सुटून आत धुकं साचलं. विक्रेत्याचं म्हणणं, माल निघताना चांगला होता, आणि ते खरंही होतं. मागवायच्याच असतील तर दाब सारखा होईल अशी बारीक नळी ठेवलेल्या मागवा आणि ती वर आल्यावर बंद करा. नाहीतर आम्ही दुसऱ्या वर्षी केलं ते करा: सुताराकडून एकाच चौकटीत दोन खाची, मध्ये अर्धा इंच अंतर, दोन साध्या काचा. आतली काच स्क्रूने निघेल अशी, म्हणजे पुसता येते.

दुसरी रीत ट्रॉम्ब भिंत. दक्षिणेची मातीची भिंत बाहेरून काळी रंगवायची आणि तिच्यापुढे चार इंचांवर काच. फ्रेंच संशोधक फेलिक्स ट्रॉम्ब आणि वास्तुविशारद जॅक मिशेल यांनी पिरनीज पर्वतातल्या ओडेयोला १९६७ मध्ये अशा भिंतीचं घर बांधलं. मूळ कल्पनेचं पेटंट मात्र अमेरिकेतल्या एडवर्ड मोर्स यांनी १८८१ मध्येच घेतलं होतं. उष्णता मातीतून तासाला साधारण एक इंच सरकते. दहा इंच भिंतीवर सकाळी अकराला पडलेलं ऊन रात्री नऊला आतल्या बाजूला पोचतं. निजायच्या खोलीला याहून चांगलं काही नाही. आबा-ले तिच्याकडे पाठ करून माळ ओढत बसतात. पुस्तकात दाखवतात तशी खाली-वर भोकं ठेवली तर दिवसा खोली लवकर तापते, पण रात्री तीच हवा उलटी फिरून थंडी आत ओतते. रोज झाकणं लावायची शिस्त असेल तरच भोकं ठेवा. आम्ही ठेवली आणि जानेवारीत गोणपाट कोंबून बुजवली.

तिसरी रीत, हरितगृह. दक्षिणेच्या भिंतीला टेकून लाकडाचा सांगाडा, त्यावर उन्हाने न कुजणारं जाड पॉलिथिन. ऑक्टोबरात लावायचं, वसंतात काढायचं. खर्च सगळ्यात कमी आणि आत पालक, मोहरीची पानं, कोथिंबीर. काचेची पक्की खोली केली तर तिला इथे ‘शेलखांग’ म्हणतात आणि हल्ली नव्या घरांत ती असतेच. हरितगृहातून घरात दार किंवा खिडकी ठेवा. दुपारी उघडा, ऊन उतरताच बंद करा. ओल मात्र जपा. रोपांना पाणी सकाळी घाला, संध्याकाळी घातलं तर रात्रभर दमट हवा भिंतीवर बसते.

या तिन्ही रीती कामाला लागलेल्या बघायच्या असतील तर लेहजवळ फे गावात सेकमोल संस्थेचं आवार आहे. १९८८ मध्ये सुरू झालेली ही विद्यार्थ्यांची संस्था. ठोकलेल्या मातीच्या इमारती, सगळ्या उन्हावर तापणाऱ्या. बांधायच्या आधी हिवाळ्यात एक चक्कर मारा. भिंतीला हात लावून जे कळतं ते नकाशात कळत नाही.

फरशीबद्दल थोडक्यात: दगडांचा भराव, त्यावर दोन इंच थर्मोकोल किंवा चार इंच कोरडं काड-माती, वर लाकडी फळ्या किंवा मातीचा कोबा. ऊन पडतं तिथे कोबा आणि गडद रंग; झोपता तिथे फळ्या आणि गालिचा. जोत्याच्या बाहेरच्या कडेलाही थर्मोकोल लावा, कारण थंडी कडेकडेने शिरते.

रोजचं काम

असं घर आपोआप चालत नाही. पडदे जाड, दोन कापडांमध्ये लोकर किंवा जुनी गोधडी शिवलेले, खिडकीच्या चौकटीला चारही बाजूंनी टेकणारे. खालून फट राहिली की काचेजवळची गार हवा तिथून धबधब्यासारखी खाली येते. आमच्याकडे साडेनऊला पडदे उघडतात, चारला बंद. पहिल्या वर्षी मी सूर्यास्त बघायला साडेपाचपर्यंत उघडे ठेवायची. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त येऊन शेजारी बसल्या, अंगावर दोन शाली घेऊन.

ऑक्टोबरात एका वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती पेटवून प्रत्येक चौकट, प्लगची पेटी आणि दाराचा उंबरा यांच्याजवळून फिरवा. धूर वाकडा झाला तिथे खडूची खूण. लोकर, माती, सिलिकॉन, जे हाताशी असेल त्याने बुजवा.

बुजवता बुजवता एक भोक मात्र मुद्दाम ठेवायचं, बुखारीसाठी. हवा विरळ, त्यात खोली घट्ट, म्हणजे आग अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. काश्मीर-लडाखकडे दर हिवाळ्यात यात माणसं दगावतात. बुखारीला बाहेरून थेट हवा आणणारी दोन-तीन इंची नळी द्या. धुराडं छताच्या वर तीन फूट न्या, महिन्यातून एकदा काजळी झाडा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या. आणि निखाऱ्यांची शेगडी घेऊन दार लावून झोपायचं नाही, एक रात्रही नाही, पाहुण्यांनाही झोपू द्यायचं नाही.

पहिल्या हिवाळ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. नव्या मातीच्या घरात टनावारी पाणी मुरलेलं असतं आणि बरीचशी ऊब ते वाळवण्यातच जाते. त्या वर्षी दुपारी तासभर खिडक्या उघडून ओल बाहेर जाऊ द्या, थंडी वाजली तरी. आमच्या पहिल्या हिवाळ्यातल्या चार अंशांत छताइतकाच या ओलीचाही वाटा होता.

पाण्याची नळी चार फूट खोल पुरा. घरात शिरते तिथे आतल्या, उबदार भिंतीतून वर आणा आणि सगळ्यात खालच्या जागी एक तोटी ठेवा. झोपताना मुख्य कॉक बंद करून ती तोटी उघडली की नळीतलं पाणी उतरून जातं. एकदा विसरलो होतो. मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर कळलं की नळी चार ठिकाणी फाटली आहे. त्या सकाळी कोठारात घोट्याएवढं पाणी आणि त्यात तरंगणारे सलगम.

हरितगृहाचं पॉलिथिन काढायचं ते खालच्या गावांत जर्दाळू फुलून गेल्यावर, वारा नसलेल्या सकाळी, दोघांनी मिळून. वाळूचे कण झटकून, कोरडं करून गुंडाळा. बाहेरची बाजू कोणती ते मार्करने कोपऱ्यावर लिहा, कारण बऱ्याच मालात उन्हाला टिकणारा थर एकाच बाजूला असतो आणि ऑक्टोबरात ते कुणालाच आठवत नाही. गुंडाळी उत्तरेच्या कोठारात, उंदीर चढणार नाहीत अशी तारेने छताला टांगून ठेवा.